यंत्राने कागद वाचला, मग मी काय वाचायचं?

पत्राचा गोषवारा: सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिलांच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. वय पन्नाशीच्या आसपास. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि बघता बघता जमिनीचे कागद वाचणं हेच त्यांचं काम होऊन गेलं. पक्षकाराचा गठ्ठा आला की सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं लावायची, वाचायची, टिपण काढायचं. त्यावरून वकीलसाहेब सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी निर्वेध आहे की नाही याचा अहवाल, देतात. गेल्या वर्षी साहेबांचे चिरंजीव पुण्याहून वकील होऊन आले आणि त्यांनी ऑफिसात एआय आणलं. आता गठ्ठा स्कॅन होतो, यंत्र काही मिनिटांत सारांश काढतं आणि छोटे साहेब म्हणतात, “ताई, एकदा बघून घ्या.” सुरुवातीला ताई ओळ न् ओळ मुळाशी ताडून बघत. सारांश बहुतेक वेळा बरोबरच निघतो म्हटल्यावर ताडणं कमी होत गेलं. मागच्या महिन्यात एका जुन्या वाटणीपत्रातले हिस्से यंत्राने चुकीचे काढले होते. सगळ्यांची बेरीज सोळा आण्यांच्या वर जातेय हे ताईंच्या नजरेत आलं, म्हणून चूक सापडली. त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली, कोणाला सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली आहे. ऑफिसचा संगणक मोकळा नसला की त्या घरी स्वतःच्या मोबाइलवर, फुकटच्या ॲपमध्ये कागदांचे फोटो टाकून काम उरकतात.

त्या विचारतात: “चूक सांगितली तर छोट्या साहेबांना वाटेल, जागा जाईल या भीतीने ताई खुसपटं काढतात. नाही सांगितली तर पुढची चूक माझ्याही नजरेतून सुटेल. आता यंत्रच वाचतं, तर माझ्या वाचण्याला किंमत काय राहिली? हे शिकून घेऊ, की पूर्वीसारखं सगळं हातानेच करीन असं सांगू?”

ताई,

ताडून बघणं हळूहळू कमी झालं, हे तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. आधी ते ओझं उतरवा. जे यंत्र उठसूट चुकतं त्यावर माणूस डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. जे क्वचित चुकतं त्यावर तशी नजर ठेवणं फार दिवस जमत नाही. विमानांत स्वयंचलित यंत्रणा आल्या तेव्हापासून अभ्यासक हे नोंदवत आले आहेत आणि कसलेले वैमानिकही त्यातून सुटलेले नाहीत. म्हणून “यापुढे जास्त लक्ष देईन” असा निश्चय करून थांबू नका. तो पंधरा दिवस टिकेल. कामाची रीतच बदलावी लागेल आणि ती एकट्या तुम्हाला बदलता येणार नाही. म्हणजे बोलावं लागेलच. पण बोलण्याआधी ती चूक नीट समजून घ्या, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

वाटणीपत्रात थोरल्या शाखेला आठ आणे होते आणि धाकट्या तिघांना प्रत्येकी ‘०-२-८’. तुम्ही ते दोन आणे आठ पै असंच वाचलंत. सबंध मिळकत म्हणजे एक रुपया, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. एकूण १९२ पैंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ३२, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. तिघांचे मिळून आठ आणे, थोरल्याचे आठ, हिशेब पुरा. यंत्राने तेच २.८ आणे धरले आणि सारांशात प्रत्येकाचा हिस्सा १७.५ टक्के असा स्वच्छ छापून आला. थोरल्याचे पन्नास धरले की बेरीज १०२.५ टक्के. तुम्ही लिहिलंय की जमीन १ हेक्टर २० आर आहे. खरा हिस्सा २० आर, यंत्राचा २१. फरक एका आरचा, गुंठ्याहून किंचित कमी. एवढ्या तुकड्यासाठी, त्यावरच्या चार माडांसाठी, दोन पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढलेली घरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे-पै मागे पडले. (कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं तो कुळकायद्यातला कृषक दिनही नेमका तोच, त्यामुळे ही तारीख आपल्याकडच्या कागदांत दोन्ही अंगांनी भेटते.) पण सामाईक खात्यांच्या जुन्या हिश्श्यांत आणे आजही नांदतायत. यंत्र ज्या प्रचंड मजकुरावर शिकलं आहे तो बहुतांशी दशांशाच्या जगातला. तिथे दोन आणि आठच्या मधली आडवी रेघ बिंदू वाटली तर नवल नाही.

मला चुकीपेक्षा तिच्या सुराची जास्त काळजी वाटते. कागद लागत नाही तेव्हा माणूस अडखळतो. तुम्ही कागद उजेडाकडे धरता, भिंग लावता, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढता, आणि त्या प्रश्नचिन्हावरून साहेबांना कळतं की इथे जरा जपून. यंत्राचं बरोबर वाक्य आणि चुकीचं वाक्य एकाच ठसक्यात येतं. ही लँग्वेज मॉडेल्स आधीच्या मजकुरावरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवत वाक्य उभं करतात. कागद पुसट असला, शाई फुटली असली, शिक्का अक्षरांवर बसला असला, तर त्या जागी शक्यतेतला शब्द येऊन बसू शकतो आणि वाक्य मात्र गुळगुळीतच राहतं. हस्ताक्षरातल्या फेरफारात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात हे तुम्हाला सांगायला नको. १९६१ चं १९६९ झालं तर सारांश वाचून कोणाला शंका येणार?

आता तुमच्या मनाला लागलेला प्रश्न: माझ्या वाचण्याला किंमत काय राहिली?

कागदात जे लिहिलंय ते बाहेर काढणं म्हणजे वाचणं, असं तुम्ही गृहीत धरलंय. तेवढंच असतं तर यंत्राने तुम्हाला कधीच मागे टाकलं असतं. पण ती चूक तुम्हाला कशी सापडली ते आठवा. वाटणीपत्राची ती ओळ वाचताना नाही सापडली. हिस्से सोळा आण्यांतच बसले पाहिजेत हे कागद उघडायच्या आधीपासून तुमच्या डोक्यात होतं, म्हणून सापडली. कागदात काय असायला हवं हे ज्याला माहीत असतं त्यालाच काय नाही ते दिसतं. यंत्र दिलेल्या गठ्ठ्याचा सारांश काढतं. आजोबा १९७२ ला वारले, मग वारस नोंदीचा फेरफार या गठ्ठ्यात का नाही, हे कोणी विचारल्याशिवाय ते सहसा सांगणार नाही. तुम्ही मात्र गठ्ठा सोडतानाच विचारता.

तुमच्याच टेबलावरची आणखी दोन उदाहरणं घ्या. सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकट्याचं, हक्क सबंध कुटुंबाचा. ही अक्षरं सारांशात गळली किंवा नावाचा भाग म्हणून खपून गेली, की पुढे ‘एकमेव मालक’ असं येतं आणि घेणारा निश्चिंत होतो. मग मुंबईहून, गोव्याहून चुलतभाऊ नोटीस पाठवतात.

दुसरं उदाहरण बहिणींचं. वारस तपासात भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, ही आपल्याकडची जुनी सवय. सारांशात वर ठळक अक्षरांत ‘मालक: तिघे भाऊ’ येईल. बहिणींची नावं विहिरीच्या हक्काच्या आणि सोसायटीच्या बोजाच्या ओळीत खाली कुठेतरी असतील, किंवा नसतीलही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याबद्दलचा घोळ संपवला. हे कलम यंत्राला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. ‘इतर हक्क’ या रकान्यात आपल्याकडे कोण कोण जाऊन बसतं, हे मात्र हजारो सातबारे हाताखालून गेलेल्या माणसाला ठाऊक असतं. ज्या बाईचं नाव असं सुटतं ती तुमच्या टेबलासमोर कधी येत नाही. तिच्या वतीने तो रकाना वाचणारं तुमच्याशिवाय तिथे कोणी नसतं. म्हणून तुमच्या वाचण्याला किंमत उरली नाही, हे मी मान्य करणार नाही.

यंत्र उलट्या बाजूनेही दमवतं, तेही लक्षात असू द्या. जुन्या खरेदीखतात ‘जिल्हा रत्नागिरी’ आणि आजच्या उताऱ्यावर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ दिसलं की काही वेळा ते ‘विसंगती’ म्हणून दाखवतं. जिल्हा १९८१ ला वेगळा झाला, इथे काही अडलेलं नाही, हे तुम्ही बघताक्षणी सांगाल. अशा फुकटच्या दहा शंका समोर आल्या की अकरावी, खरी शंकाही आपण त्याच झपाट्यात खोडून टाकतो.

तरीही, “सगळं हातानेच करीन” हा पर्याय मला पटत नाही. तो अभिमानाचा वाटतो, पण त्याने तुमचेच हाल होतील. बँकेचं चाळीस पानी इंग्रजी गहाणखत, पन्नास टंकलिखित फेरफारांची तारीखवार यादी, मसुद्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रतीत नेमकं काय बदललं, मोठ्या निकालपत्राचा मराठीत मथितार्थ: या कामांत यंत्र खरोखर हात देतं. आपलं सर्वोच्च न्यायालयसुद्धा २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतं. छापील आणि स्पष्ट टंकलिखित मजकूर, एका ठिकाणची माहिती दुसरीकडे लावणं, लांबलचक मजकुरात एखादी अट कुठे आहे ते शोधणं, असलं काम खुशाल त्याच्याकडे द्या. वाचलेला वेळ आणि डोळे, तुमच्या चष्म्याचा नंबर लक्षात घेता विशेषतः डोळे, हस्ताक्षरातल्या कागदांसाठी राखा. मोडीतले कागद तर यंत्राने वाचून दाखवले तरी मोडी जाणणाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

म्हणून शिका, असंच सांगेन. छोट्या साहेबांना सांगून दोन दुपारी त्यांच्या शेजारी बसा आणि ते यंत्राला काय विचारतात ते बघा. मला वाटतं ते “या कागदांचा सारांश दे” किंवा “टायटल क्लिअर आहे का?” असं विचारत असतील. हे प्रश्नच चुकीचे आहेत. टायटल निर्वेध आहे की नाही हा निष्कर्ष वकिलाने काढायचा असतो. शिवाय या यंत्रांचा कल विचारणाऱ्याच्या मनासारखं उत्तर देण्याकडे असतो. “काही अडचण नाही ना?” विचारलं तर “नाही” येण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी अमुक नाव कोणकोणत्या फेरफारांत आलंय, प्रत्येक ठिकाणचा पान क्रमांक आणि मूळ ओळ जशीच्या तशी दे, जिथे अक्षर लागत नाही तिथे ‘वाचता आलं नाही’ असंच लिही, अंदाज करू नको, असं सांगा. इतर हक्कातली प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीत मागा. ‘ए.कु.मॅ.’, ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन खातेदाराचा पालक) अशी लघुरूपं जशीच्या तशी ठेवायला सांगा. नावांच्या बाबतीत गणू, गणेश आणि गणपत हे एकच माणूस आहेत असं त्याने स्वतःहून ठरवू नये, हेही सांगा. ते ठरवण्यासाठी गावात विचारावं लागतं.

गठ्ठा एकदम ओतू नका. लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं या मॉडेल्सच्या जास्त नीट लक्षात येतं आणि मधलं सुटतं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. त्यानंतर मॉडेल्स सुधारली. पण फाइल मोठी असली की काही साधनं ती सबंध वाचतच नाहीत, प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून त्यांवरून उत्तर देतात. न जुळलेल्या तुकड्यात बोजा असला तर तो राहिला. म्हणून पाच-सात कागदांचे भाग करून द्या.

आणि पडताळा यंत्रालाच विचारून करू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या दाव्यात एका वकिलाने चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्याने यंत्राला विचारलंही होतं, हे खरे आहेत ना? यंत्र म्हणालं, खरे आहेत. कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला. पडताळा मूळ कागदावर, बोट ठेवून, हाच खरा. सगळ्या ओळींवर तो करणं तुम्हाला शक्य नाही, हे आपण आधीच मान्य केलंय. म्हणून ठरवून घ्या की ज्या ओळींवर रिपोर्ट उभा आहे त्या ओळी मुळातून बघितल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. नाव, हिस्सा, क्षेत्र, सर्व्हे आणि हिस्सा नंबर, तारीख, इतर हक्क, भोगवटादाराचा वर्ग, चतुःसीमा. प्रत्येकीपुढे पान क्रमांक आणि तुमची खूण. खूण नाही ती ओळ रिपोर्टात नाही. महिन्यातून एखादा गठ्ठा यंत्राला न दाखवता आधी स्वतः पुरता वाचा, टिपण करा, मग सारांशाशी लावून बघा. त्यातून यंत्र कुठे सुटतं ते कळेल, आणि तुमचा हातही मोडणार नाही.

मोबाइलबद्दल मात्र कडक बोलते. ते आजपासून बंद. त्या फोटोंत लोकांचे आधार क्रमांक आहेत, सह्या आहेत, अंगठे आहेत, कोण किती रकमेला काय विकतंय ते आहे. फुकटच्या ॲपमध्ये टाकलेला मजकूर पुढची मॉडेल्स शिकवायला वापरला जाण्याची सोय अनेक ठिकाणी आपोआप चालू असते, सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी लागते. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलाच्या कारकुनाला, कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. म्हणजे तुम्हाला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं. त्यातही मंजुरी नसलेल्या साधनांत कामाची माहिती घालू नका आणि निर्णय यंत्रावर सोपवू नका, असंच बजावलंय. तुम्ही हे वाईट हेतूने केलं नाहीत, संगणक मोकळा नव्हता म्हणून केलंत. पण झालंय ते साहेबांना कळलं पाहिजे. ॲपमधली जुनी संभाषणं आणि मोबाइलमधले फोटो काढून टाका, आणि ऑफिसच्या खात्यावर तुम्हाला वेगळी सोय मागा. तिथेही आधार क्रमांक, फोन नंबर झाकूनच कागद चढवायचा.

आता बोलायचं कसं. “यंत्र चुकतं” असं मत घेऊन गेलात तर समोरून “माणसंही चुकतात” असं मत येईल आणि ते खोटंही नाही. मत नको, कागद न्या. मूळ वाटणीपत्र, यंत्राचा सारांश आणि तुमची बेरीज टेबलावर ठेवा. आधी छोट्या साहेबांकडे जा, कारण व्यवस्था त्यांनी बसवली आहे. मोठ्या साहेबांसमोर एकदम काढलंत तर त्यांचा पाणउतारा होईल आणि मूळ मुद्दा राहील बाजूला. म्हणा, “साहेब, इथे बेरीज १०२.५ टक्के येत होती. मुळात ०-२-८ आहे, दोन आणे आठ पै. मी दुरुस्त केलं, पण तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. हस्ताक्षरातले आणि आणे-पै असलेले कागद मी मुळातून वाचीन. त्याला गठ्ठ्यामागे अर्धा दिवस लागेल, तेवढा धरून तारीख द्या.”

शेवटचं वाक्य गाळू नका. सध्या तुमच्याकडे जबाबदारी आहे आणि वेळ नाही. “एकदा बघून घ्या” म्हटलं की जाता जाता होणारं काम वाटतं आणि चूक निघाली की नाव तुमचं येतं. वेळ मागणं ही तुमची तक्रार नाही, कामाची गरज आहे.

ते म्हणतील, “एवढंच ना? त्याला आणे-पै कसे वाचायचे ते आपण सांगून ठेवू.” त्यांना हो म्हणा. तशी सूचना लिहून ठेवली तर खरंच फरक पडतो. फक्त पुढची चूक आण्यांत नसेल, आणखी कुठेतरी असेल, हेही जोडीला सांगा. एक वही घाला: तारीख, प्रकरण, यंत्राने काय लिहिलं, मुळात काय आहे. दोन-तीन महिन्यांत तुमच्या ऑफिसच्या कागदांवर यंत्र कुठे ठेचकाळतं याचा नकाशाच तयार होईल. पुण्याहून शिकून आलेल्या तरुण वकिलालाही त्यातून सिंधुदुर्गातले कागद शिकायला मिळतील. तुमच्या मनातली भीती मी खोटी ठरवत नाही. सगळीच ऑफिसं समजूतदार नसतात, “मग ताई कशाला हव्यात” असा विचार करणारेही असतात. पण ती वही तुमच्या हाताची असेल तर ताई कशाला हव्यात ते कोणाला समजवावं लागणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहिते, कारण पतसंस्थेतून, मासळी निर्यातीच्या ऑफिसातून, ग्रामपंचायतीतून अशीच पत्रं येतायत. परदेशी खरेदीदाराचा इंग्रजी करार असो की सहकार खात्याचं परिपत्रक, यंत्राकडून समजून घ्यायला हरकत नाही. मुदत, रक्कम आणि ‘कधीपासून’ या तीन गोष्टी मात्र मुळातून बघा. मुंबई-गोवा महामार्गाच्या निमित्ताने भूसंपादनाच्या नोटिसा पुष्कळांनी पाहिल्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हरकत घ्यायला २१ दिवस आहेत, हे यंत्र बरोबर सांगेल. ते २१ दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे आहेत, कागद तुमच्या हातात पडल्यापासून नाहीत. सारांशात हे अर्धं वाक्य गळलं तर हरकतीची मुदत हातची गेली.

ताई, तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला तीच सगळ्यांत तातडीची वाटते. ताडणं कमी झालं तेव्हापासून ती चूक सापडेपर्यंत मधले काही महिने गेले. त्या काळात यंत्राच्या सारांशावरून किती रिपोर्ट बाहेर गेले? पक्षकार तर “वकिलान बघल्यान मां? मगे झाला” म्हणून विसार देऊन मोकळा होतो. छोट्या साहेबांशी बोलाल त्याच दिवशी ही यादी काढा, आणि ते करायचं ठरलं की लगेच मोठ्या साहेबांना सांगा, कारण सही त्यांची आहे. सगळी प्रकरणं पुन्हा वाचायची गरज नाही. जिथे आणे-पै आहेत, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ आहे, इतर हक्कात बायकांची नावं आहेत किंवा फेरफार हस्ताक्षरात आहेत, ती बाजूला काढा. त्यांतही ज्यांचं साठेखत झालंय पण खरेदीखत अजून व्हायचंय, ती आधी. दुय्यम निबंधकांकडची तारीख लागली असेल तर पक्षकाराला फोन करून ती आठ दिवस पुढे घ्यायला सांगा. कारण विचारलं तर खरं कारण सांगा.